अपघाताचा क्लेम चालू असताना फोन कसा वापरायचा: स्टेटस, फोटो, रील अन् ग्रुपबद्दल पायरी-पायरीनं

अपघाताचा क्लेम म्हणलं की घरच्यांचं सगळं लक्ष कागदावर असतंय. एफआयआरची कॉपी, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं, समोरच्या गाडीची आरसी अन् पॉलिसी. हे जमवलंच पाहिजे. पण क्लेम चालू असतानाच खिशातल्या फोनवर रोज काहीतरी नवीन तयार होत असतं, कधी स्टेटस, कधी भाच्यानं केलेला टॅग, कधी गावाच्या ग्रुपवरचा मेसेज, अन् विमा कंपनीचा वकील उलटतपासात नेमकं हेच काढतो. मी जिल्हा कोर्टात मोटार अपघाताच्या दाव्यांचंच काम करतो, आमच्या मराठवाड्यातलीच माणसं असतात, अन् ज्याला खरंच लागलंय, ज्याचा गुडघा खरंच वाकत नाही असा माणूस एका फोटोपायी पिंजऱ्यात गप्प उभा राहिला की लई वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, सावकाश वाचा अन् घरातल्या पोरांनाही वाचायला द्या, कारण पोस्ट बहुतेक वेळा तेच टाकतात.

आधी हे बघा की एका फोटोनं पैशात फरक कसा पडतो

जखमीच्या दाव्यात मोठी रक्कम दवाखान्याच्या बिलाची नसते बऱ्याचदा, ती असते पुढच्या कमाईच्या नुकसानीची. सुप्रीम कोर्टानं २०१० मधी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं की डॉक्टरच्या दाखल्यावरचा अपंगत्वाचा टक्का अन् कमाई कमी झाल्याचा टक्का हे दोन्ही एकच नाहीत. माणूस आधी काय काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, हे बघून ट्रिब्युनलनं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, दुसरा टक्का ठरवायचा. क्लार्कचा डावा हात गेला तर तो कसंबसं काम करू शकतो, ड्रायव्हरचा तोच हात गेला तर त्याची रोजीरोटीच गेली.

आता हिशोब करा. वाळूज एमआयडीसीतला वेल्डर, वय ३२, महिन्याला १५,००० पगार. वर्षाचे १,८०,०००. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणं ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा, १६. म्हणजे २८ लाख ८० हजार. कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं तर ११ लाख ५२ हजार, अन् २० टक्केच धरलं तर ५ लाख ७६ हजार. भविष्यातली पगारवाढ बाजूला ठेवून केलेला हा साधा हिशोब आहे. मधला फरक पावणेसहा लाखाचा, अन् हा ४० का २० हे ठरवताना समोरचा वकील म्हणणार, साहेब हा माणूस तर वरातीत उभा राहून फेटा उडवायलाय. एका फोटोवर कोर्ट निकाल देत नाही, पण शंका तयार होती, अन् शंकेचा फायदा पैसे भरणाऱ्या कंपनीला.

पहिली पायरी: पहिल्या आठवड्यात काहीच लिहू नका

२०२२ च्या १ एप्रिलपासून जे नियम लागू झालेत त्यानुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत ट्रिब्युनलला पाठवायचा असतो, अन् पॉलिसीची माहिती मिळाली असेल तर विमा कंपनीलाही. म्हणजे तुम्ही अजून घाटी दवाखान्याच्या वॉर्डात असता तेव्हा तुमचं नाव कंपनीकडं पोचलेलं असू शकतं. तुम्हाला वाटतं केस अजून सुरूच झाली नाही, पण तिकडं फाईल उघडलेली असती.

अन् नेमकं याच दिवसांत आपल्याकडं काय होतं? मोडक्या गाडीचा फोटो स्टेटसला अन् वर लिहिलेलं, "देव तारी त्याला कोण मारी, थोडक्यात वाचलो, काळजी करू नका एकदम ओके आहे." लिहिणाऱ्याचा हेतू एवढाच की पाहुण्यांनी घाबरू नये. पण अपघातानंतरचे पहिले दोन-तीन दिवस अंग गरम असतं, कितीतरी दुखापती नंतर कळतात, डोक्याचा मार तर लई उशिरा डोकं वर काढतो. पुढं एमआरआयमधी मणक्यात गॅप निघाला अन् दावा केला की समोरून तुमचंच वाक्य येणार, तुम्हीच लिहिलं होतं ना एकदम ओके म्हणून.

दुसरं, चूक कुणाची यावर काहीच लिहू नका. "माझंच लक्ष नव्हतं" पण नको अन् "त्या हरामखोरानं उडवलं" पण नको. अपघात कसा झाला हे तीन ठिकाणी लिहिलं जातं, दवाखान्याच्या एमएलसीच्या (पोलिस केस म्हणून डॉक्टरनं केलेल्या नोंदीच्या) कागदावर, एफआयआरमधी अन् तुमच्या दाव्यात. ही तिन्ही एकमेकाशी जुळली पाहिजेत. त्यात चौथी हकीकत फेसबुकवर, पाचवी गावाच्या ग्रुपवर अन् सहावी एखाद्या लोकल यूट्यूब चॅनलच्या बाइटमधी आली की कुठंतरी तफावत निघतीच. गाडी कोण चालवत होतं, डोक्यावर हेल्मेट होतं का, ट्रॅक्टर डाव्या बाजूनं आला का उजव्या, असल्या बारीक गोष्टीवरच तर अर्धा उलटतपास असतो. चॅनलवाल्या पोरांना नम्रपणे सांगा की वकिलांना विचारून बोलतो.

समोरच्या ड्रायव्हरचा फोटो, त्याचं गाव, त्याची जात असलं काही व्हायरल करू नका. राग येतो, कळतं मला. पण त्यातून तुमच्यावरच वेगळी तक्रार होऊ शकते, गावात तणाव होतो, अन् तुमच्या दाव्यात त्यानं एक रुपया वाढत नाही.

पाहुण्यांना कळवायचंच असेल तर फोन करा. लिहायचं असेल तर एवढंच बास: "अपघात झालाय, उपचार चालू आहेत, अमुक दवाखान्यात आहोत." यात बरा का वाईट असं काही नाही.

दुसरी पायरी: स्वतःपेक्षा जास्त धोका आपल्या माणसांचा

तुम्ही स्वतः फोन बाजूला ठेवला तरी बाकीचे थांबत नाहीत. आपल्याकडं माणूस दवाखान्यात पडला की भेटायला येणाऱ्यांची रांग लागते अन् त्यातला कुणीतरी कॉटशेजारी उभा राहून फोटो काढतोच. पुढारी येतात, कार्यकर्ता पोस्ट टाकतो, "साहेबांनी रुग्णालयात जाऊन विचारपूस केली, प्रकृती उत्तम असून धोका टळला आहे." ते पोस्ट तुमच्या बाजूचं नाही हे लक्षात ठेवा. त्याला प्रेमानं सांगा की भाऊ, फोटो टाक, पण तब्येतीबद्दल लिहू नको.

घरच्यांना एकदा बसवून हे सांगा: मला विचारल्याशिवाय माझा फोटो टाकायचा नाही, मला टॅग करायचं नाही, माझ्या तब्येतीबद्दल ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. मेहुणे, भाचे, कॉलेजातली पोरं यांना खास करून. नातेवाइकाचं अकाउंट उघडं असलं की तुमचं प्रायव्हेट असून उपयोग नाही, शोधणारा तुमच्या नावावरून नाही तर गावावरून अन् आडनावावरून येतो. कुटुंबाच्या ग्रुपवरचं पण खाजगी समजू नका. साठ माणसं, त्यातल्या एकाचा चुलतभाऊ समोरच्या गाडीवाल्याच्या गावचा, मराठवाड्यात एवढं अंतर लई नसतं.

तिसरी पायरी: सेटिंग आजच बदला

व्हॉट्सअॅपमधी सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, तिथं स्टेटसला "ओन्ली शेअर विथ" करा अन् चार घरचीच माणसं ठेवा. प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्ट्सना. ग्रुपमधी कोण अॅड करू शकतं तेही फक्त कॉन्टॅक्ट्स. फेसबुकवर जुन्या पोस्ट एकदम "फ्रेंड्स" पुरत्या करायचं ऑप्शन आहे, लिमिट पास्ट पोस्ट्स नावाचं, ते दाबा. प्रोफाइल अँड टॅगिंगमधी जाऊन टॅगचा रिव्ह्यू चालू करा, म्हणजे कुणी टॅग केलं तर तुमच्या होकाराशिवाय तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाही. फ्रेंडलिस्ट "ओन्ली मी". इन्स्टाग्राम प्रायव्हेट करा अन् टॅगला मॅन्युअल परवानगी ठेवा. पावलं मोजायचं अॅप असेल अन् ते आपोआप शेअर करत असेल तर ते शेअरिंग बंद करा.

अनोळखी फ्रेंड रिक्वेस्ट घ्यायची नाही. विमा कंपन्या तपासासाठी इन्व्हेस्टिगेटर नेमतात, तो गावात येऊन शेजाऱ्यांशी बोलतो, अन् हल्ली तुमच्या प्रोफाइलवरही नजर मारतो. त्यात बेकायदेशीर काही नाही, त्याचं ते काम आहे. पण दार तुम्ही उघडून द्यायची गरज नाही.

चौथी पायरी: डिलीट मात्र करू नका

वरचं वाचून बरेच जण लगेच सगळं पुसायला बसतील, म्हणून हे ठळक सांगतो. प्रायव्हसी वाढवणं वेगळं अन् पुरावा नष्ट करणं वेगळं. अपघाताशी किंवा तुमच्या तब्येतीशी संबंध असलेली पोस्ट, चॅट, फोटो टाकून झालेला असेल तर तो आहे तसा राहू द्या अन् वकिलाला दाखवा. कोर्टात लागू शकणारं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. अन् व्यवहारात बघितलं तरी, स्टेटस २४ तासांत जातं पण स्क्रीनशॉट कुणाच्या तरी फोनमधी राहतो. मग समोरचा वकील विचारणार की ही पोस्ट तुम्ही पुसली कामून, अन् त्या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं. फोटोचं उत्तर देता येतं, पुसल्याचं देता येत नाही.

वकिलापासून लपवू नका हे पण त्यातच आलं. "साहेब मी अपघातानंतर दोन महिन्यांनी पुतणीच्या लग्नात गेलो होतो, फोटो आहेत" हे आधी कळलं तर आम्ही शपथपत्रातच ते नीट मांडतो. उलटतपासात पहिल्यांदा कळलं तर काही करता येत नाही.

पाचवी पायरी: जे तुमच्या कामाचं आहे ते जपा

फोन हा नुसता धोका नाही, तोच सगळ्यात मोठा साक्षीदार पण असतो, अन् लोक हेच विसरतात.

अपघाताच्या जागेवर कुणीतरी फोटो काढलेलेच असतात. गाड्या कुठं थांबल्या, ब्रेकचे निशाण, नंबर प्लेट, उसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर होता का नव्हता. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड-धाराशिव-लातूर पट्ट्यात रात्री अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळलेल्या मोटारसायकली किती असतात हे आपल्याला सांगायची गरज नाही, अन् रिफ्लेक्टर नव्हता हे सिद्ध करायला त्या रात्रीचा फोटोच लागतो, दुसऱ्या दिवशी ट्रॉली तिथं नसते. असा फोटो ज्यानं काढला त्याच्याकडून घ्या, पण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून घेतला तर तो दाबून छोटा केला जातो अन् आतली तारीख-वेळेची माहिती जाते. त्याला "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. अन् ज्या फोनवर काढला तो फोन त्यानं विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, हे पण सांगा.

कारण इथं कायद्याची एक अट आहे, अन् तिचा गाजलेला निकाल आपल्या जालन्यातूनच गेलेला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत आला का नाही हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून दाखवायचं होतं. त्यात सुप्रीम कोर्टानं २०२० मधी स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर सोबत ठरलेलं प्रमाणपत्र पाहिजेच, नाहीतर मूळ डिव्हाइसच कोर्टात हजर करा. तेव्हा ते कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आता ते कलम ६३ आहे अन् प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, एक पुरावा देणाऱ्याच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या सहीचा, अन् त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा कोड, पण लिहावी लागते. हे वकील करून घेईल, तुमचं काम एवढंच की मूळ फाईल अन् मूळ फोन जपून ठेवायचा.

याचा उलटा अर्थ काढू नका की समोरच्याकडं प्रमाणपत्र नाही म्हणजे आपला फोटो चालणारच नाही. ट्रिब्युनलची चौकशी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते, वकील नुसता फोटो समोर धरून विचारतो की हा तुमचाच का, तुम्ही हो म्हणलात की विषय संपला. अन् तुमचा असेल तर हो म्हणायचंच आहे.

हायवेच्या ढाब्याचा, पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही काही दिवसांत आपोआप पुसला जातो. पहिल्या दोन दिवसांतच जाऊन मालकाला विनंती करा अन् तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की अमुक ठिकाणचं फुटेज जप्त करा, त्या अर्जाची पोच घ्या. अपघाताशी संबंधित चॅटमधी डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर बंद करा. चॅटचा एक्सपोर्ट काढून ईमेलवर ठेवा.

अन् एक स्वतःची नोंद ठेवा, वहीत. आज किती वेळ बसता आलं, जिना चढता आला का, रात्री कितीदा उठलो, कुठली गोळी घेतली, फिजिओथेरपीला कोण घेऊन गेलं. जखमेचे, टाक्यांचे, वॉकर घेऊन चालतानाचे फोटो काढा पण टाकू नका, तारखेसकट जपून ठेवा. वर्षभरानं तुम्हालाच आठवणार नाही की मार्च महिन्यात पाठ किती दुखत होती.

सहावी पायरी: मग जगायचं कसं? काय टाकलं तर चालेल?

मी कुणालाच सांगत नाही की घरात कोंडून घ्या. पाय मोडला म्हणून माणूस बहिणीच्या लग्नाला जाणार नाही का? येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जाणार नाही का? जायचंच. त्रास असताना माणसात गेल्यानं दावा खोटा होत नाही.

अडचण फोटोत काय दिसत नाही याची असती. येळवस धरा. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात. तुम्हाला भावानं कारमधून नेलं, खोपीपाशी खुर्ची टाकून बसवलं, भज्जी अन् आंबिल खाल्लं, तासाभरात कंबर धरली म्हणून परत आणलं, संध्याकाळी इंजेक्शन. फोटो मात्र एकच, हिरव्या ज्वारीसमोर उभा, हसतोय, खाली लिहिलेलं "फुल एन्जॉय". खुर्ची नाही, कार नाही, इंजेक्शन नाही. तो एक फोटो पुढं शेतीची कामं करायलाय याचा पुरावा म्हणून येतो.

म्हणून क्लेम चालू असताना शरीराची ताकद दाखवणारं काहीच टाकू नका: नाच, पोळ्याला बैल धरलेला, गाडी चालवतानाचा सेल्फी, जिम, गड चढणं. जुना फोटो "आठवण" म्हणून परत टाकणं तर लई घातक, कारण बघणारा पोस्टची तारीख बघतो, फोटोची नाही. टाकायचाच असेल तर वर फोटो कधीचा ते लिहा. सणाच्या शुभेच्छा, पोराचा निकाल, शेतमालाचे भाव असलं टाकायला काही हरकत नाही.

अन् दुसऱ्या बाजूचं पण तेवढंच कडक सांगतो. नाटक करू नका. सहानुभूतीसाठी मुद्दाम कॉलर बेल्ट लावून फोटो, नसलेला प्लास्टर, "आता आयुष्यभर अंथरुणावर" असली पोस्ट, हे सगळं उलटतं. मदतीचं आवाहन टाकताना डॉक्टरनं जे कागदावर लिहिलंय तेच लिहा, खर्चाचा आकडा बिलाइतकाच लिहा. आवाहनात आठ लाख खर्च अन् दाव्यात साडेतीन लाखाची बिलं असं झालं की खरी बिलं पण संशयात येतात. बरं वाटायलंय तर बरं वाटायलंय हे वकिलाला सांगा, दावा त्याप्रमाणं मांडता येतो.

सातवी पायरी: धंद्याचं पेज असेल तर

मंडपवाले, डीजेवाले, टेंपोवाले, ब्युटी पार्लर, पिठाची गिरणी, शिकवणी. यांच्याकडं पगाराची स्लिप नसती, रिटर्न भरलेलं नसतं, अन् कमाई किती होती हे सिद्ध करायचं कसं हाच मोठा प्रश्न असतो. इथं तुमचं जुनं सोशल मीडिया लई कामाला येतं. अपघाताआधीच्या दोन-तीन वर्षांतल्या ऑर्डरच्या पोस्ट, ग्राहकांचे मेसेज, केलेल्या मंडपाचे फोटो, अन् सोबत फोनपे-गुगलपेचं अन् बँकेचं स्टेटमेंट. नुसत्या पोस्टनं आकडा सिद्ध होत नाही पण धंदा चालू होता हे ठसतं, अन् स्टेटमेंटसोबत जोडलं की वजन येतं. हे सगळं तारखेनुसार काढून वकिलाला द्या.

अपघातानंतर तेच पेज धाकटा भाऊ चालवत असेल तर? पेजवर तुमचं नाव अन् नंबर, रोज नवीन ऑर्डर, बघणाऱ्याला वाटणार तुम्हीच काम करायलात. नंबर बदला, भावाचं नाव टाका, माणूस लावला असेल तर त्याला मजुरी ऑनलाइन द्या, म्हणजे तुमच्या जागेवर पैसे देऊन माणूस ठेवावा लागला हे पण दिसतं.

आठवी पायरी: घरातलं माणूसच गेलं असेल तर

याबद्दल लिहायला जड जातं पण लिहिणं गरजेचं आहे. मृत्यूच्या दाव्यात रक्कम वय, कमाई अन् अवलंबून असणारी माणसं यावर ठरते. अन् आपल्याकडं तासाभरात भावपूर्ण श्रद्धांजलीचं बॅनर ग्रुपवर फिरतं, ग्राफिक्सवाल्यानं अंदाजानं वय टाकलेलं, "प्रगतशील बागायतदार" नाहीतर "युवा उद्योजक" लिहिलेलं. ३५ ऐवजी ३६ वय झालं तरी गुणक १६ चा १५ होतो. बॅनरवरून कोर्ट वय ठरवत नाही, २०२४ मधी सुप्रीम कोर्टानं एका अपघाताच्या दाव्यातच सांगितलं की जन्मतारखेसाठी आधारापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरावा. तरी समोरच्याला भांडायला मुद्दा कामून द्यायचा? बॅनरवर वय अन् धंदा नकोच, नाव अन् तारीख पुरे. दाखला मात्र लगेच शाळेतून काढून घ्या.

विधवा सुनेबद्दल, तिच्या माहेरी जाण्याबद्दल, पैसे कुणाला मिळणार याबद्दल नातेवाइकांच्या ग्रुपवर काही लिहू नका. त्या वाटणीचे स्क्रीनशॉट कोर्टात आलेले चांगले दिसत नाहीत अन् त्या बाईला ते वाचावं लागतं.

नववी पायरी: एजंट अन् आपसातले मेसेज

अपघाताची पोस्ट पडली की फोन सुरू होतात, "क्लेम तीन महिन्यांत काढून देतो, टक्केवारीवर". आधार, बँक पासबुक, एफआयआरचा फोटो ग्रुपवर कधीच टाकू नका. ट्रिब्युनल किंवा विमा कंपनी फोन करून ओटीपी मागत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं जा. पण लांबवू नका, सध्याच्या कायद्यात दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा असं कलम आहे, तेवढीच मुदत धरून चाला.

समोरच्या गाडीवाल्याच्या गावाहून मेसेज येतात, "भाऊ आपसात मिटवू, पोरगं गरीब आहे." माणुसकीनं बोला पण चॅटवर "ठीक आहे, जाऊ द्या", "आमचं काही म्हणणं नाही" असं लिहू नका. गाडीचा विमा चालू असेल तर थर्ड पार्टीचे, म्हणजे त्या गाडीनं ज्याला लागलं त्याचे, पैसे सहसा कंपनी भरते, त्याच्या खिशातून जात नाहीत, हे त्यालाही समजावून सांगा. तडजोड करायची असेल तर लोक अदालतीत करा, वकिलाला सोबत घेऊन, अन् पूर्ण विचार करून, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही.

दहावी पायरी: पिंजऱ्यात फोटो दाखवला तर

घाबरू नका. आधी फोटो नीट बघा, हातात घ्या, घाई करू नका. तुमचा असेल तर सरळ "हो माझा आहे". खोटं बोललात तर फोटोपेक्षा खोटं जास्त महागात पडतं, नंतर तुमच्या खऱ्या बोलण्यावर पण साहेबांचा विश्वास बसत नाही. मग विचारलं तेवढंच, पण पूर्ण सांगा: फोटो कधीचा, तिथं कसे गेलात, किती वेळ होतात, नंतर काय त्रास झाला. "हो, पुतणीच्या लग्नातला आहे. भावानं गाडीतून नेलं होतं. अक्षता होईपर्यंत खुर्चीवर होतो, फोटोपुरता उभा केला, नंतर घरी आलो." तारीख आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज ठोकू नका. वकिलावर चिडू नका, तो मुद्दाम टोचतो. वहीतली त्या दिवसाची नोंद, गोळ्यांचं बिल, फिजिओथेरपीचं कार्ड हे त्या वेळी कामाला येतं.

हे सगळं किती दिवस पाळायचं

दावे वर्षानुवर्षं चालतात हे तुम्हाला माहीत आहे. ट्रिब्युनलचा निकाल आला म्हणजे सुटलं असं पण नाही, निकालापासून ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, आपल्या भागाचं संभाजीनगरच्या खंडपीठात, तुम्हालाही अन् कंपनीलाही. तोवर मूळ फोन, मेमरी कार्ड अन् ती वही एका पिशवीत कपाटात ठेवा. फोन बंद पडला तरी भंगारवाल्याला देऊ नका, एक्सचेंजमधी पण नको. सिमकार्ड बदललं, अकाउंटचा पासवर्ड विसरला, नंबर बंद झाला तर वकिलाला त्याच आठवड्यात कळवा. अपील संपलं, पैसे खात्यावर आले, की मग सेटिंग पाहिजे तशी परत करा.